सिनेमाच्या नावातलं कॅपिटल: कुठे मोठं, कुठे लहान

सिनेमांच्या डीव्हीडी, जुनी पोस्टरं, थिएटरच्या दारात विकायला असायच्या त्या गाण्यांच्या चोपड्या, असं काही ज्याच्या घरात साठलंय त्याला एक ना एक दिवस यादी करायची हुक्की येतेच. नाशकात ही हौस जरा जास्त दिसली तर नवल नाही. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, चित्रपटांचा कारखाना थाटला नाशकात आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी वारलेही इथेच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तेव्हा कपाटातल्या सिनेमांची यादी नीट असावी, असं इथल्या माणसाला वाटणारच.

यादी देवनागरीत केली तर आजचा विषय निघतच नाही. ‘सैराट’मधला ‘सै’ मोठा काढायचा की लहान, हा प्रश्न आपल्या लिपीला ठाऊक नाही. पण बहुतेक जण यादी रोमन लिपीत करतात. फोनवरची ॲप्स तशीच असतात, आयएमडीबीसारख्या सिनेमांच्या माहितीकोशावरून साल आणि दिग्दर्शक उचलायचे तर नाव रोमनमध्ये लागतं, आणि संग्रहात इराणी, जर्मन, जपानी सिनेमे असले की देवनागरीत शोधाशोध अवघडच होते. रोमनमध्ये शिरलं की पहिल्याच ओळीला ठेच लागते: कोणत्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि कोणत्या शब्दाचं स्मॉल?

कॉलेज रोडला राहणाऱ्या एका गृहस्थांकडे असा संग्रह आहे. ते एकेक डबी उचलून नाव वाचतात आणि त्यांची भाची लॅपटॉपवर एक्सेलमध्ये घालते.

“मामा, ‘विथ’चा डब्ल्यू मोठा की लहान?”

“अगं, पोस्टरवर सगळीच अक्षरं मोठी आहेत. तशीच घाल.”

“मग ‘आरआरआर’ आणि बाकीच्यांत फरक काय राहिला?”

भाचीने नेमकं वर्मावर बोट ठेवलं. पोस्टरवरचं, डबीवरचं किंवा पडद्यावरचं नाव हे चित्रकाराचं काम असतं. नाव लांबून दिसावं म्हणून तो सगळी अक्षरं मोठी काढतो, कधी शोभा म्हणून सगळी लहान. त्यावरून शब्द कोणते आणि कोणत्या क्रमाने ते कळतं, स्पेलिंग कळतं, पण कॅपिटल कुठे द्यायचं ते कळत नाही. ‘आरआरआर’ (२०२२) हे आद्याक्षरांचं नाव आहे, म्हणून त्यातली तिन्ही अक्षरं मोठी. ‘शोले’ पोस्टरवर सगळा मोठ्या अक्षरांत असला तरी यादीत त्याचं एकच अक्षर मोठं. हा फरक एकदा पुसला की परत आणता येत नाही. मोठ्याचं लहान करणं यंत्राला जमतं, पण लहान झाल्यावर त्यातलं कोणतं अक्षर मुळात मोठं होतं ते यंत्राला कुठून कळणार?

हा लेख देवनागरीत असल्यामुळे मोठं अक्षर दाखवायची पंचाईत आहे. म्हणून पुढे जिथे दाखवायची गरज पडेल तिथे, रोमनमध्ये ज्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं येतं त्याच्या आधी वर जाणारा बाण टाकतो. ↑राजा ↑हरिश्चंद्र म्हणजे दोन्ही शब्द कॅपिटलने सुरू.

आता मूळ मुद्दा. कॅपिटलचा नियम ठरवते ती त्या नावाची भाषा. संग्रह नाशकात आहे की न्यूयॉर्कमध्ये, ॲप कोणतं आहे, याने त्यात फरक पडत नाही. इंग्रजी नावाला इंग्रजीचा नियम, फ्रेंच नावाला फ्रेंचचा, जर्मनला जर्मनचा. सगळ्या यादीला एकच इंग्रजी साचा लावायचा मोह होतो, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

इंग्रजीत दोन पद्धती चालतात. एक शीर्षकाची: महत्त्वाचे सगळे शब्द कॅपिटलने सुरू, बारीकसारीक शब्द स्मॉल. दुसरी वाक्याची: फक्त पहिला शब्द आणि विशेषनामं कॅपिटलने, बाकी सगळं वाक्यात लिहितो तसं. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाला विचारलंत तर तो दुसरी पद्धत सांगेल, कारण ग्रंथालयांच्या तालिकीकरणाच्या (कॅटलॉगिंगच्या) नियमांत तीच आहे. तिथे वाद कमी होतात, विशेषनाम ओळखता आलं की झालं. पण सिनेमाच्या जगात, मासिकांत आणि इंटरनेटवरच्या माहितीकोशांत पहिली पद्धत रुळली आहे. घरगुती यादीला मी तीच सुचवेन. ग्रंथालयी पद्धत चूक आहे म्हणून नव्हे; दुसरीकडून माहिती उचलताना प्रत्येक नाव हाताने बदलत बसावं लागतं, म्हणून.

शीर्षकाच्या पद्धतीत खरी कटकट ‘बारीकसारीक’ म्हणजे काय, यावरून होते. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदं लहान, ‘अँड’, ‘ऑर’ लहान, यावर सगळ्यांचं एकमत. शब्दयोगी अव्ययांपाशी मतं फुटतात. १९३९ चा ‘गॉन विथ द विंड’ घ्या. शिकागो विद्यापीठाच्या इंग्रजी लेखनाच्या शैलीपुस्तिकेप्रमाणे तो ↑गॉन विथ द ↑विंड. एपी या वृत्तसंस्थेच्या पद्धतीप्रमाणे चार किंवा अधिक अक्षरांची अव्ययं मोठी, आणि ‘विथ’ची रोमनमध्ये चार अक्षरं, म्हणून ↑गॉन ↑विथ द ↑विंड. आयएमडीबीने लहान ठेवायच्या इंग्रजी शब्दांची यादीच करून टाकली आहे. त्यात ‘विथ’ आहे, ‘फ्रॉम’ही आहे. यादीत नाही तो शब्द मोठा. मला ही तऱ्हा सगळ्यांत व्यवहारी वाटते, कारण शब्दाचं व्याकरण चालवत बसावं लागत नाही.

आणि हे नियम दगडावरची रेघ आहेत असंही समजू नका. १९५० चा ‘ऑल अबाउट ईव्ह’ शिकागोच्या जुन्या नियमाने ↑ऑल अबाउट ↑ईव्ह असा लिहायचा, कारण त्यांच्याकडे अव्यय कितीही लांब असलं तरी लहानच असायचं. २०२४ मध्ये त्यांची अठरावी आवृत्ती आली आणि पाच किंवा अधिक अक्षरांची अव्ययं मोठी झाली. आता तोच सिनेमा ↑ऑल ↑अबाउट ↑ईव्ह. ‘विथ’ची अक्षरं चारच, त्यामुळे तो बिचारा शिकागोत अजून लहानच आहे.

शब्द आखूड म्हणून लहान, ही समजूत मात्र साफ चुकीची. इंग्रजीतली ‘इज’, ‘बी’ ही क्रियापदं आणि ‘इट’, ‘ही’, ‘मी’ ही सर्वनामं दोन-दोन अक्षरांची असली तरी मोठी येतात. घाईने यादी करणारे ‘इज’ हमखास लहान करतात. १९४२ च्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’मध्ये सगळी गंमत एकत्र आली आहे: ↑टू ↑बी ऑर ↑नॉट टू ↑बी. पहिला ‘टू’ मोठा, कारण नावाचा पहिला शब्द नेहमी मोठा. दुसरा ‘टू’ लहान. ‘बी’ क्रियापद म्हणून दोन्ही वेळा मोठं, आणि शेवटचं तर तसंही मोठंच आलं असतं, कारण या पद्धतीत नावाचा शेवटचा शब्दही मोठा असतो. एवढं एक नाव बरोबर लिहिता आलं की इंग्रजीचा निम्मा नियम हातात आला.

पहिल्या शब्दाच्या नियमाला एक शेपूट आहे. अपूर्णविराम (:) देऊन पुढे उपशीर्षक आलं की त्याचा पहिला शब्दही मोठा. याच शेपटावरून विकिपीडियावर महाभारत झालं होतं. २०१३ मध्ये येणाऱ्या ‘स्टार ट्रेक इनटू डार्कनेस’ या सिनेमाच्या नावात अपूर्णविराम नव्हता. मग ‘इनटू डार्कनेस’ हे उपशीर्षक मानून ‘इनटू’ मोठा करायचा, की ‘ट्रेक’ म्हणजे खडतर प्रवास असा अर्थ घेऊन सगळं नाव सलग वाचायचं आणि ‘इनटू’ला साधं अव्यय म्हणून लहान ठेवायचं? संपादकांनी या एका अक्षरावर चाळीस हजारांहून जास्त शब्द खर्च केले. शेवटी मोठा आय ठरला. सिनेमा तेव्हा अजून लागायचाही होता. हसू येतं खरं, पण दोन्ही बाजूंचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. नावाचा अर्थ दुहेरी असला की कॅपिटलही दुहेरी होतं, आणि तिथे कुणीतरी निकाल देऊन पुढे जावं लागतं. घरच्या यादीत तो निकाल तुमचा.

आता इंग्रजीबाहेर. इटालियन आणि स्पॅनिश सर्वांत सोप्या: पहिला शब्द आणि विशेषनामं, एवढंच मोठं. डी सिकाचा १९४८ चा सिनेमा ↑लाद्री दी बिचिक्लेत्ते, फेलिनीचा १९६० चा ↑ला दोल्चे वीता. हा दुसरा इंग्रजी लिखाणात सर्रास तिन्ही शब्द मोठे करून दिसतो, कारण इंग्रजीने ते नाव आपलंच करून टाकलं आहे. यादीत ‘मूळ नाव’ असा रकाना असेल तर तिथे मात्र इटालियन तऱ्हेनेच लिहा.

जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं, साध्या वाक्यातसुद्धा. त्यामुळे १९३० चा ‘निळा देवदूत’ तिकडे ↑देअर ब्लाउअ ↑एंगेल असा येतो: उपपद पहिलं म्हणून मोठं, विशेषण लहान, नाम मोठं. इंग्रजीच्या सवयीने ‘ब्लाउअ’ मोठं केलं की जर्मन वाचणाऱ्याला ते खटकतं.

फ्रेंचची तऱ्हा सगळ्यांत नखरेल. एका रूढ पद्धतीप्रमाणे नावाची सुरुवात ‘ल’, ‘ला’, ‘ले’ या उपपदाने झाली तर ते उपपद मोठं, पहिलं नाम मोठं, आणि त्या दोघांच्या मध्ये आलेली विशेषणंही मोठी. पुढचं सगळं लहान. म्हणून त्रुफोचा १९५९ चा सिनेमा ↑ले ↑कात्र ↑सां ↑कू, चारही शब्द मोठे. पण सुरुवात दुसऱ्या कशानेही झाली तर फक्त पहिला शब्द मोठा: गोदारचा १९६० चा ↑आ बू द सूफ्ल. दोन्ही सिनेमे फ्रेंच ‘न्यू वेव्ह’ या एकाच लाटेतले, एका वर्षाच्या अंतराने आलेले, आणि यादीत शेजारी ठेवले तर कुणालाही वाटेल की दोन वेगळ्या माणसांनी भरलेत. दोन्ही बरोबर आहेत.

जपानी, अरबी, फारसी, चिनी यांच्या लिप्यांत आपल्यासारखीच मोठी-लहान भानगड नाही. त्यांचं रोमनीकरण करताना कुणी वाक्याची पद्धत लावतं, कुणी शीर्षकाची. कुरोसावाचा १९५४ चा सिनेमा ↑शिचिनिन नो सामुराई असाही दिसतो आणि ↑शिचिनिन नो ↑सामुराई असाही. मूळ लिपीतच नियम नसल्यामुळे मुळाकडे जाऊन खात्री करता येत नाही. हीच गत आपल्या सिनेमांची, आणि तिथे जरा थांबू या.

हिंदी-मराठी नावं रोमनमध्ये लिहिताना रूढ तऱ्हा सरळ आहे: सुटा लिहिलेला प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने. ↑दिलवाले ↑दुल्हनिया ↑ले ↑जाएंगे. काही चोखंदळ लोक म्हणतात की इंग्रजीत ‘ऑफ’, ‘फॉर’ लहान, मग हिंदीतले ‘का, की, के’ लहान का नकोत? ‘एक दूजे के लिए’ (१९८१) मधलं ‘के लिए’ म्हणजे इंग्रजीतलं ‘फॉर’च ना? तर्क बरोबर आहे, पण पुढे निभत नाही. ‘के’ लहान केला की ‘तो’, ‘ना’, ‘ही’, ‘भी’ या निपातांचं काय करायचं ते ठरवावं लागतं, आणि हिंदीसाठी अशी सर्वमान्य यादी नाही. प्रत्येक नावाला नवा वाद घालत बसण्यापेक्षा सगळे सुटे शब्द मोठे, हे मला पटतं. ‘गँग्स ऑफ वासेपूर’ (२०१२) सारख्या नावात मात्र ‘ऑफ’ इंग्रजी आहे, तो इंग्रजीच्या नियमाने लहानच राहील.

मराठीला इथे एक आयती सोय आहे. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. ‘श्यामची आई’ (१९५३) मधला ‘ची’ हिंदीतल्या ‘की’सारखा सुटा पडत नाही, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) मध्येही नाही. त्यामुळे लहान की मोठा असा वाद घालण्याजोगे सुटे बारके शब्द मराठी नावांत थोडेच उरतात: आणि, व, की, ना, असे. त्यातला ‘आणि’ तर २०१८ च्या ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’मध्ये चक्क सुरुवातीलाच येऊन बसला आहे. उभयान्वयी असो की काही असो, पहिला शब्द म्हणून तो मोठा. इंग्रजीच्या सवयीने कुणी लहान केला तर समजावं, नियम अर्धाच वाचलाय.

मराठीत अडचण येते ती समासाची, आणि फाळक्यांच्याच सिनेमांत ती चांगली दिसते. ‘लंकादहन’ (१९१७) आपण एक शब्द लिहितो. रोमनमध्ये तो बहुतेक ठिकाणी तोडलेला दिसतो: ↑लंका ↑दहन. या सिनेमात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता दोघांचीही कामं केली होती. नावाचे मात्र रोमनमध्ये दोन तुकडे. ‘कालियामर्दन’ (१९१९) तसाच, ↑कालिया ↑मर्दन. पण १९३७ चा ‘गंगावतरण’ तोडता येत नाही. गंगा आणि अवतरण यांचा संधी होऊन दोन्हींचे स्वर एकात विरघळले आहेत, सुरी घालायला फटच नाही. म्हणून तो ↑गंगावतरण, एकच कॅपिटल. १९३२ चा ‘सेतुबंधन’ मध्ये कुठेतरी लोंबकळतो. कुणी तोडतं, कुणी नाही. म्हणजे आपल्याकडे कॅपिटल किती येणार हे व्याकरणापेक्षा स्पेस कुठे दिली यावर ठरतं. सर्चमध्ये मोठ्या-लहान अक्षराने सहसा बिघडत नाही, या स्पेसने बिघडतं. सलग ‘लंकादहन’ टाइप करणाऱ्याला तोडलेला ‘लंका दहन’ सापडत नाही आणि तो म्हणतो, यादीत नाहीये. म्हणून अशा सिनेमांना पर्यायी नावाचा वेगळा रकाना ठेवणं शहाणपणाचं.

आणखी एक खास आपल्याकडचा सापळा सांगतो. काही अभ्यासू मंडळी देवनागरीचं रोमनीकरण आयट्रान्स किंवा हार्वर्ड-क्योटो पद्धतीने करतात. त्यात मोठं आणि लहान अक्षर म्हणजे दोन वेगळे वर्ण. लहान टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट. लहान एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. अशा यादीत नाव शोभिवंत करावं म्हणून पहिलं अक्षर मोठं केलं की ‘नटसम्राट’चा ‘णटसम्राट’ होतो. हार्वर्ड-क्योटोत मोठा एस म्हणजे ष, त्यामुळे ‘सैराट’ तिथे ‘षैराट’ होईल. कुणाकडून तयार यादी घेतलीत आणि तिच्यात शब्दांच्या मधोमध मोठी अक्षरं पेरलेली दिसली, तर ती टायपिंगची चूक समजून सुधारायला धावू नका.

आता यंत्राकडे. भाचीने सगळी नावं लहान अक्षरांत घालून शेवटी एकदाच एक्सेलचं ‘प्रॉपर’ हे सूत्र फिरवायचं ठरवलं असतं, तर काय झालं असतं? ‘प्रॉपर’चा नियम भाबडा आहे: अक्षर नसलेल्या कोणत्याही चिन्हानंतर येणारं अक्षर मोठं, बाकी सगळी लहान. ‘द’, ‘ऑफ’ सगळे मोठे होणार, हे एक झालं. ‘इट्स’मध्ये स्वल्पविरामासारखं वर लटकणारं जे चिन्ह असतं, त्याच्यानंतरचा एसही मोठा होतो. ‘ट्वेल्थ फेल’ (२०२३) आकड्याने सुरू होतो, तिथे १२ च्या पुढचा टी मोठा होतो. ‘द गॉडफादर पार्ट टू’मधला रोमन दोन म्हणजे दोन मोठे आय, त्यातला दुसरा लहान होऊन बसतो. ‘आरआरआर’चं एकच अक्षर मोठं उरतं, ‘पीके’चंही तेच. ‘रोबोकॉप’ (१९८७) मध्ये मधला सी मुद्दाम मोठा आहे, तो झोपतो. ‘स्पायडर-मॅन’ मात्र सुखरूप सुटतो, कारण संयोगचिन्हानंतर एम मोठाच हवा असतो. प्रोग्रामिंगच्या पायथन भाषेतलं ‘टायटल’ हे सूत्रही त्या लटकत्या चिन्हापाशी अशीच माती खातं.

बारक्या शब्दांची इंग्रजी यादी पोटात घेतलेली हुशार साधनं असतात, ती आपल्या नावांवर वेगळाच घाला घालतात. ‘दिल तो पागल है’ (१९९७) मधला ‘तो’ रोमनमध्ये इंग्रजी ‘टू’सारखाच लिहितात. साधनाला वाटतं हे इंग्रजी अव्यय, आणि ते लहान करून मोकळं होतं. ‘रंग दे बसंती’ (२००६) मधल्या ‘दे’ची तीच कथा, फ्रेंच-स्पॅनिश नावांत याच स्पेलिंगचा शब्द लहान ठेवायचा असतो. आपला ‘दे’ क्रियापद आहे, हे त्या साधनाला कोण सांगणार? ज्या नावाची भाषा नोंदवलेली नाही, त्यावर असलं साधन फिरवूच नये.

तुर्की सिनेमांचा शौक असेल तर आणखी जपा. त्या भाषेत टिंबवाला आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि मोठी करतानाही टिंबवाल्याचं टिंब राहतं. २०१४ चा ‘किश उयकुसू’ बिनटिंबाच्या आयने लिहितात. तो सगळा मोठ्या अक्षरांत घालून इंग्रजी सेटिंगच्या संगणकावर परत लहान केला, की टिंब उगवतं आणि शब्द बदलतो.

या सगळ्याचा यादीच्या क्रमावर काय परिणाम होतो? संगणकाच्या आत प्रत्येक अक्षराला आकडा असतो. मोठ्या एचा ६५, लहान एचा ९७. काही डेटाबेस क्रम लावताना हे आकडेच बघतात. एसक्यूलाइट हा डेटाबेस, काही सांगितलं नाही तर, असंच वागतो, आणि फोनवरच्या कितीतरी ॲप्सच्या पोटात तोच असतो. मग २०१७ चा ‘मदर!’ हा सिनेमा, ज्याचं नाव मुद्दाम लहान एमने लिहितात, तो ‘झंजीर’च्याही खाली, पार तळाला जाऊन बसतो. तिथे ‘सैराट’ एकदा मोठ्या एसने आणि एकदा लहान एसने घातला तर दोन वेगळे सिनेमे धरले जातात. एक्सेल मात्र क्रम लावताना सहसा मोठं-लहान बघत नाही. त्यामुळे एक्सेलमध्ये गुण्यागोविंदाने नांदणारी यादी ॲपमध्ये नेली की विस्कटते, आणि लोक ॲपला शिव्या घालतात.

यावरचा उपाय जुना आहे आणि ग्रंथपालांनी शोधलेला आहे: दिसायचं नाव वेगळं, क्रम लावायचं नाव वेगळं. ग्रंथालयांच्या मार्क नोंदीत (संगणकावरच्या तालिकेचा हा ठरलेला नमुना) २४५ या क्षेत्रात शीर्षक असतं, आणि त्याचा दुसरा निर्देशांक सांगतो की क्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरं सोडायची. ‘द गॉडफादर’ला तिथे ४ येतात: ‘द’ची रोमन तीन अक्षरं आणि एक मोकळी जागा. घरच्या यादीत इतकं नको. एक ‘क्रमनाव’ असा रकाना करा, त्यात नाव सगळं लहान अक्षरांत, सुरुवातीचं इंग्रजी उपपद काढून, समास जोडून लिहा. दिसायच्या नावाचा रकाना मग निर्धास्तपणे नीट ठेवता येतो. ज्यांच्या ॲपमध्ये ‘सॉर्ट टायटल’ अशी जागा असते, ती याचसाठी.

राहिली मुद्दाम वाकडी लिहिलेली नावं. लहान एमचा ‘मदर!’, मधे ७ हा आकडा घुसवलेला १९९५ चा ‘सेव्हन’, मधोमध टिंब दिलेला ‘वॉल-ई’ (२००८). माझं मत असं की निर्मात्याने नाव नियमितपणे तसंच वापरलं असेल, म्हणजे जाहिरातीपासून बातम्यांपर्यंत, तर ते तसंच ठेवावं. फक्त पोस्टरवर गंमत म्हणून असेल तर सोडून द्यावं. ‘हम आपके हैं कौन..!’ (१९९४) च्या शेवटी दोन टिंबं आणि उद्गारचिन्ह आहे, ‘कौन’चं स्पेलिंगही रोजच्यासारखं नाही. ते नावाचा भाग मानतात, तेव्हा ठेवावं. क्रमनावात मात्र ही सगळी चिन्हं गाळावीत.

कॉलेज रोडच्या यादीला आता पाच रकाने आहेत: देवनागरी नाव, रोमन नाव, पर्यायी नाव, नावाची भाषा, क्रमनाव. भाषेचा रकाना आधी भरायचा, कारण कॅपिटल त्यावरून ठरतं. त्याच फाइलच्या पहिल्या पानावर भाचीने नियम लिहून ठेवलेत: इंग्रजीला आयएमडीबीची लहान शब्दांची यादी, हिंदी-मराठीला सुटे सगळे शब्द मोठे, बाकीच्यांना त्यांचे त्यांचे नियम, ‘प्रॉपर’ वापरायचं नाही. मामांना त्यातली एकच गोष्ट अजून मान्य नाही. फाळक्यांच्या सिनेमांची नावं ते कुठेही तोडू देत नाहीत, त्यामुळे ‘लंकादहन’ तिथे एका कॅपिटलचा आहे आणि तोडलेलं रूप पर्यायी नावात टाकलंय. शोधणाऱ्याला दोन्हीकडून सापडतं, तेव्हा भाचीचीही हरकत नाही.